पहिल्याच दिवशी नववी पायरी?

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक चौथा, समास पहिला (श्रवणभक्ती)
सोबत : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५

मित्रमैत्रिणींनो, नवविधा भक्तीची यादी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. श्रवण, कीर्तन, नामस्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. भागवतात प्रल्हादाने वडिलांना ऐकवलेली ही यादी समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात घेतली आणि एकेका भक्तीला एकेक समास दिला. मी शाळेत होते तेव्हापासून ही नावं म्हणते. पण यादीला एक क्रम आहे, आणि त्या क्रमात काही सांगितलेलं असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. यंदा आलं. ते शिकवलं एका मांजरीनं.

हसू नका. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत कबूतर आहे, अजगर आहे, मासा, हरीण, कोळी, भुंगासुद्धा आहे. मांजर मात्र नाही. मला वाटतं ती जागा आपल्यासारख्यांसाठी रिकामी ठेवली असावी!

मी मूळची घनसावंगीची. बाहेरच्या लोकांना आमचा तालुका फारसा माहीत नसतो, पण समर्थांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे असं सांगितलं की लगेच ओळख पटते. नोकरी पुण्यात. ऑफिसने काही महिने घरून काम करायची परवानगी दिली, तेव्हा मी लॅपटॉप उचलून आजीकडे आले. आजोबा गेल्यापासून आजी इथल्या जुन्या माळवदाच्या घरात एकटीच असते.

येताना सोबत एक मांजर आणलं. पुण्यात मी रविवारी एका निवारा केंद्रात मदतीला जायचे, तिथली ही. वय अंदाजे दोन वर्षं, पांढरी, पाठीवर राखाडी ठिपके. आधीच्या कुटुंबाने घर बदलताना तिला सोडून दिलं होतं. निवाऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाला पिल्लू हवं असतं, मोठं मांजर कुणी नेत नाही. आठ महिने ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात बसून होती. मला वाईट वाटलं. फॉर्म भरला, त्यांनी व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं, आजीशी बोलले आणि हो म्हणाले.

आता खरं सांगते. मनात फक्त दया नव्हती. मनात एक चित्रही होतं. थंडीतली संध्याकाळ, आजी देवघरासमोर, मी पोथी वाचतेय आणि मांजर माझ्या मांडीत गुरगुरतंय. त्या चित्राचा फोटो कसा येईल हेसुद्धा मी ठरवलं होतं.

कोठीमागचे तीन दिवस

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सात-आठ तासांचा प्रवास करून आम्ही पोचलो. माजघरात बास्केट उघडली. पांढरं काहीतरी जमिनीलगत सरकलं आणि ज्वारीच्या लोखंडी कोठीमागे गेलं. बस्स. पुढचे तीन दिवस तिचं दर्शन म्हणजे कोठी आणि भिंत यांच्या फटीत चमकणारे दोन डोळे.

मी काय काय केलं ते ऐका. फटीत हात घालून चुचकारलं. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. दूध ठेवलं, मासळीचं पाकीट ठेवलं, दोरीला चिंधी बांधून नाचवली. दर अर्ध्या तासाला वाकून नावाने हाक मारली. निवाऱ्यात तिचं नाव ‘स्नोई’ होतं. आजीला ते जमेना, तिनं पहिल्याच दिवशी ‘मनी’ केलं. ती कशालाच आली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी-तिघी ‘पुण्याचं मांजर’ बघायला आल्या. गावात मांजरांना काय तोटा? पण मांजर फॉर्म भरून आणलंय ही बातमी पसरली होती. मी चहा टाकला आणि ‘थांबा, दाखवते’ म्हणून कोठी थोडी सरकवली. मानेची कातडी धरून मी तिला बाहेर ओढलं. मांजरी आपल्या पिल्लांना असंच तर उचलते, मग त्यात काय, असं मला वाटलं.

तिनं माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा काढला. त्याआधी ती माझ्या हातातच भीतीनं ओली झाली होती. सुटली आणि परत कोठीमागे.

पाहुण्या हसल्या. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतक्या लांबून आणलं, जीव टाकला, आणि हे? (ओरखडा साबणाने धुतला आणि डॉक्टरांना दाखवला. तिचं लसीकरण झालेलं असलं तरी हे तुम्हीही चुकवू नका.)

सगळ्या गेल्यावर आजी शांतपणे म्हणाली, “कामून वढायलीस गं तिला? येईल की तिच्या मनानं.”

“अगं, पण मी तिला वाचवलंय!”

“ते तुला ठाव हाय. तिला कुठं ठाव हाय?”

दातांची पकड

त्या रात्री नेहमीचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायात होतं. भक्ताची लक्षणं. पंधराव्या श्लोकात भगवंत सांगतात की ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो मला प्रिय. मी हा श्लोक कायम दुसऱ्या बाजूने वाचत आले. ऑफिसमध्ये कुणी काही बोललं तरी मी अस्वस्थ होऊ नये, ट्रॅफिकमध्ये चिडू नये, वगैरे. माझं मन शांत राहावं म्हणून. पण श्लोकात पहिली अट ती नाहीच. पहिली अट ही की माझी कुणाला भीती वाटू नये. आणि त्या घरात त्या क्षणी एक जीव असा होता की ज्याच्यासाठी जगातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट मी होते.

सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते ती ‘अभय’ या शब्दानं. तोही आपण ‘मी घाबरणार नाही’ असाच घेतो. पण आपल्या परंपरेत अभय ही द्यायची वस्तू आहे. अन्नदान, विद्यादान, तसं अभयदान. देवाच्या मूर्तीचा एक हात आपल्याकडे तळवा करून वर असतो, ती अभयमुद्रा. गंमत बघा, तो हात थांबलेला असतो. धरायला पुढे आलेला नसतो.

मग ज्ञानेश्वरी काढली. तेराव्या अध्यायात माउली अहिंसेवर बोलतात तो भाग तुम्ही वाचला नसेल तर जरूर वाचा. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, हात कसा उचलतो, याचं इतकं बारीक वर्णन आहे की वाचताना आपली पावलंही हळू पडतात. कमळावर पाय ठेवणारा भुंगा केसर दुखावेल म्हणून जपतो, असा एक दाखला तिथे येतो. आणि त्याच भागात मांजरीचाही दाखला आहे! पिल्लू दातांत धरणारी मांजरी. दात तेच, उंदराचा जीव घेणारे. पण पिल्लाला ते टोचत नाहीत.

मी माझ्या हाताकडे बघितलं. मीही तिची मान तशीच धरली होती. मग फरक कुठे पडला? माझ्या पकडीत माया कमी होती असं नाही. पण त्या मायेपेक्षा चहाला आलेल्या पाहुण्यांची घाई मोठी होती. आणि दुसरं, पिल्लाला आईचा वास जन्मापासून ओळखीचा असतो, ते स्वतःला सैल सोडतं. मनीला माझ्या हाताची ओळखच नव्हती. ओळखीच्या दातांपेक्षा अनोळखी बोटं जास्त टोचतात. (साधी माहिती म्हणूनही सांगते : मोठ्या मांजराला मानेला धरून कधी उचलू नका. त्याला ते दुखतं आणि त्याची भीती वाढते.)

आश्रय दिला म्हणजे काय विकत घेतलं?

इथे मला मार्जारन्याय आठवला. रामानुजाचार्यांच्या पुढच्या परंपरेत शरणागतीवर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणतो, जीवाने माकडाच्या पिल्लासारखं देवाला स्वतः घट्ट धरलं पाहिजे. दुसरा म्हणतो, मांजराच्या पिल्लासारखं नुसतं स्वाधीन व्हावं, उचलून नेणं हे आईचं काम. मला दुसरा पक्ष फार आवडायचा. काहीच करायचं नाही, देव उचलेल!

पण या दृष्टांतात आपण नेहमी पिल्लू असतो. आईच्या जागेवर उभं राहायची वेळ आपल्यावर येत नाही. माझ्यावर आली आणि लगेच कळलं की मी त्या जागेचा अर्थ किती सोयीचा लावला होता. मी गृहीत धरलं होतं की मी वाचवलं, आता तिनं स्वाधीन व्हावं. मी अन्न देते, छप्पर देते, तर तिनं प्रेम द्यावं. हा तर व्यवहार झाला, आणि तोही एकतर्फी. कारण तिनं त्यावर सही केलेली नाही. फॉर्म मी भरला होता.

आपल्याकडे मुक्या जीवांना आश्रय द्यायची परंपरा जुनी आहे. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली दंगल झाली आणि त्यानंतर १८३४ मध्ये तिथे पांजरपोळ उभा राहिला. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८३ सालचं. अशा संस्थांचं काम जीव वाचवण्याचं, आणि ते थोर आहे. पण वाचलेला जीव घरात आला की घराचं काम सुरू होतं, आणि ते वेगळं आहे. आश्रय एका दिवसात देता येतो. त्याचं घर व्हायला मात्र ज्याला आश्रय दिला त्याची संमती लागते, आणि ती मागून मिळत नाही.

मग आश्रय देणाऱ्याचा हक्क किती? माझं आजचं उत्तर असं : आश्रय दिल्याने आपली जबाबदारी वाढते, हक्क वाढत नाही. ज्याला परत जायला दुसरी जागा नाही, त्याच्याकडून कृतज्ञता मागणं हा एक प्रकारचा अन्यायच आहे. त्याला नाही म्हणायची सोयच कुठे असते?

“मला बी असंच केलतं”

हे मी आजीला मोठ्या उत्साहाने सांगत होते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला बी तुम्ही असंच केलतं पुण्यात.”

मी गप्प झाले.

दोन वर्षांपूर्वी आजी पडली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला पुण्याला नेलं. चौदावा मजला. पहिल्याच दिवशी सगळे नातेवाईक भेटायला. दुसऱ्या दिवशी मॉल. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. तिला लिफ्टची भीती वाटायची, तर ‘सवय होईल’ म्हणून मुद्दाम लिफ्टने खालीवर नेलं. ती जेवेना. गॅलरीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. आणि आम्ही एकमेकांत बोलायचो की किती करतोय आपण, हिला कशाचं काही नाही. तीन आठवड्यांनी ती हट्टाने घनसावंगीला परत आली. आम्ही तिच्या हट्टाला नावं ठेवली.

गॅलरीतला तो कोपरा म्हणजे तिची कोठी होती. हे मला इतक्या उशिरा दिसलं, आणि तेही मांजरामुळे. आम्ही प्रेमात कमी नव्हतो. आम्ही घाईत होतो. आम्हाला तिचं बरं होणं हवं होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते ‘आजी किती छान रुळली’ असं म्हणता येणं.

मी आजीला विचारलं, “तेव्हा आम्ही काय करायला हवं होतं?”

ती म्हणाली, “काही नाही. नुसतं बसायचं होतं जवळ.”

श्रवणापासून सुरुवात

तर आम्ही बसलो. आजीच्या सांगण्यावरून आणि निवाऱ्यातल्या ताईंना फोन करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तुमच्यापैकी कुणी निवाऱ्यातलं मांजर घरी आणणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते.

माजघर तिच्यासाठी सोडलं. नव्या मांजराला अख्खं घर एकदम दिलं तर ते बावरतं, एक शांत खोली पुरे. कोठी भिंतीपासून थोडी पुढे घेतली आणि मागे आजीची जुनी वाकळ अंथरली. लपायची जागा काढून घ्यायची नसते. लपता येतं म्हणूनच बाहेर यायचं धाडस होतं. एका कोपऱ्यात माती-वाळूचा ट्रे, आणि त्याच्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं. खाणं निवाऱ्यात मिळायचं तेच, कारण जागा आणि खाणं दोन्ही एकदम बदललं तर पोट बिघडतं. दूध बंद. आजीला हे पटेना, मांजर आणि दूध नाही? पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. निवाऱ्यातून आणलेलं तिचं फडकं आम्ही धुतलं नाही. त्या घरात ओळखीचा वास तेवढाच होता.

आणि टक लावून बघणं बंद. मांजराला रोखलेली नजर धमकीसारखी वाटते. चुकून नजर मिळाली तर डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे आणि दुसरीकडे बघायचं.

एक गोष्ट मात्र थांबून चालण्यासारखी नव्हती. मांजर सलग एक-दोन दिवस काहीच खात नसेल तर ते गंभीर असतं, यकृतावर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी ‘येईल तिच्या मनानं’ म्हणायचं नसतं, डॉक्टर गाठायचे. मनी पहिला दिवस उपाशी होती, मग रात्री आम्ही झोपल्यावर खायला लागली. सकाळी वाटीतली चार-पाच दाणे कमी झालेली चळत मी परीक्षेच्या निकालासारखी बघायचे.

आणि रोज संध्याकाळी मी कोठीपासून पाच-सहा हातांवर, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि मोठ्याने एक समास वाचायचे. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. रोज एक म्हटलं तरी दोनशे दिवसांची बेगमी. मी म्हटलं, निदान तेवढे दिवस तरी घाई करायला कारण नाही. आमच्या जांबची कथा तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या बोहल्यावरून गेलेला नारायण चोवीस वर्षांनी दारात उभा राहिला, तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. परंपरा सांगते की आईनं मुलाला आवाजावरून ओळखलं. दिसण्याआधी आवाज पोचतो. म्हणून तर पहिली भक्ती श्रवण.

दहाव्या दिवशीचा फोन

आता वाटेल की मग सगळं गोड झालं. नाही झालं. दहाव्या दिवशीही ती कोठीमागेच होती. रात्री दोनला ओरडायची. आजीची झोप मोडायची, माझ्या सकाळच्या मीटिंगा डोळे चोळत व्हायच्या. मी निवाऱ्यात फोन केला आणि विचारलं, परत आणून दिली तर चालेल का.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आणा, आम्ही घेऊ, परत करणं हा गुन्हा नाही. ज्याला खरंच जमत नाही त्यानं जीव टांगून ठेवण्यापेक्षा ते बरं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तिला तिथे त्रास होतोय, की तिचा तुम्हाला त्रास होतोय?”

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ती खात होती, ट्रे वापरत होती, रात्री माजघरात फिरत होती. तिची प्रगती चालू होती. माझं चित्र पूर्ण होत नव्हतं, एवढंच. ताई म्हणाल्या, साधारण तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजून घ्यायचे, तीन महिने आपलं मानायचे, असा आमचा ढोबळ हिशेब. पण मांजरं हिशेब वाचत नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. या मनीला माणसांनी फिरवलं होतं. एक घर, मग पिंजरा, मग बास्केट, मग हे. पुन्हा एकदा फिरवायचं कारण माझ्याकडे होतं का? मी फोन ठेवला आणि पोथी घेऊन बसले.

सतराव्या दिवशी वाचताना मागे हालचाल जाणवली. मी वळले नाही. समास संपला तेव्हा माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर कुणीतरी अंग चाटत बसलं होतं. त्या दिवशी तेवढंच.

दोन शंका

पहिली : थांबणं म्हणजे काहीच न करणं का? नाही. महिन्याभराने लस आणि तपासणीसाठी तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं होतं. तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळून बास्केटमध्ये घालावंच लागलं, तिच्या मनाविरुद्ध. घरी आल्यावर दोन दिवस पुन्हा कोठीमागे. पण त्या दोन ओढण्यांत फरक होता. एकदा मी तिच्यासाठी ओढलं, एकदा पाहुण्यांसाठी. बाहेरून कृती सारखी दिसते. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःलाच विचारावं लागतं, हे कुणासाठी? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर उत्तर बहुतेकदा मिसळलेलं येतं. निदान मिसळलंय हे माहीत असावं.

दुसरी शंका मला अजून सुटलेली नाही. मी तिला बाहेर सोडत नाही. नव्या जागी मांजर लवकर सोडलं तर ते जुनं घर शोधत निघून जातं, म्हणून पहिले काही आठवडे दार बंद ठेवणं बरोबरच होतं. पण आता? गल्लीत कुत्री आहेत, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत, अंगणात चिमण्याही आहेत, त्यांनाही अभय हवंच ना. आजी म्हणते, “दार लावून ठिवलेली माया कसली गं?” मी म्हणते, बाहेर धोका आहे. दोघीही खरं बोलतो. हे तिला दिलेलं अभय आहे की माझी तिला गमावण्याची भीती आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तोवर खिडकीला जाळी लावून तिला वर बसायला फळी केली आहे. तिथून ती चिमण्यांना फार गंभीरपणे ऐकवत असते.

क्रमाची गोष्ट

आता यादीकडे परत येऊ. श्रवण पहिलं. सख्य आठवं. आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःला सोपवणं, नववं. मी मनीकडून पहिल्याच दिवशी नववं मागत होते. आजीकडून तिसऱ्या दिवशी. आणि खरं सांगू? देवासमोर स्वतःकडूनही तेच मागते. एखादं छान प्रवचन ऐकलं की वाटतं, आजपासून सगळं त्याच्यावर सोपवलं. चार दिवसांनी ऑफिसमधल्या एका मेलने झोप उडते आणि मी स्वतःला खोटी ठरवते. खोटी कशाला? मी अजून कोठीमागे आहे, एवढंच. ऐकतेय. ऐकणं ही भक्तीच आहे, पहिली. समर्थांनी तिला पूर्ण समास दिला आहे.

आणि मग मनात येतं, माझ्या कोठीपासून पाच-सहा हातांवर, माझ्याकडे टक लावून न बघता, कुणीतरी किती वर्षं बसलं असेल?

आज तीन महिने झाले. मनी मांडीत येत नाही. कदाचित कधीच येणार नाही, काही मांजरं येत नाहीत. पण पोथी उघडली की येते, उंबऱ्यावर बसते, जाताना गाल माझ्या गुडघ्याला घासून जाते. मांजर गाल घासून आपला वास लावतं, म्हणजे ‘हे ओळखीचं’ अशी खूण करतं. फोटो मी काढलेला नाही.

आजी पुढच्या महिन्यात आठ दिवस पुण्याला यायला तयार झाली आहे. तिच्या अटीवर. पहिले दोन दिवस कुणी भेटायला यायचं नाही, आणि लिफ्टमध्ये मी तिचा हात धरायचा नाही. तीच माझा धरेल.

आजचा छोटा संकल्प : आपल्या घरात, ऑफिसात, हॉस्टेलवर कुणी नवीन आलं असेल, नवी सून, नवा रूममेट, गावाहून आलेले आजी-आजोबा, नाहीतर एखादं मुकं जनावर, तर आज त्यांना ‘कसं वाटतंय?’ असं एकदाही विचारू नका. नुसते दहा मिनिटं जवळ बसा. आपलं काम करत बसा. आणि झोपताना स्वतःला विचारा, आज माझी कुणाला भीती वाटली का?

हे रामराया, तू जसा माझ्यासाठी थांबलास, तसं मला कुणासाठी तरी थांबता येऊ दे.

उद्या समास दुसरा, कीर्तनभक्ती. भेटूच.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥